उन्हाळी मजा करा, पण पाण्याची बाटली दारात का सोडायची?

एप्रिल-मे आला की आम्हा डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य सुरू होतं: "दुपारी १२ ते ४ उन्हात जाऊ नका." सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. शिवाय त्यातून असा अर्थ निघतो की ऊन लागलं तर चूक त्या माणसाचीच. मला हे मान्य नाही.

नोकरीसाठी नागपूर, लातूर किंवा जळगावहून मुंबई-पुण्यात आलेली पंचविशीतली मुलं-मुली डोळ्यांपुढे आणा. शहर नवीन, ओळखी कमी. ओळखी होतात त्या मैदानावरच्या संगीताच्या कार्यक्रमात, पवना धरणाच्या काठावर तंबूत काढलेल्या रात्रीत, नाहीतर ऑफिसातल्या कुणाच्या गच्चीवरच्या पार्टीत. या वयात माणसं भेटणं ही चैन नाही. एकटेपणाही तब्येतीला वाईटच. तेव्हा "जाऊ नका" हे माझं उत्तर नाही. माझा प्रश्न त्यांना बोलावणाऱ्यांना आहे: तुम्ही त्यांच्या पाण्याची आणि सावलीची काय सोय केलीत?

"आम्ही विदर्भातले, आम्हाला काय ऊन लागणार?"

आधी हा गैरसमज दूर करू. आपलं शरीर घामाने थंड होतं, पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. नागपूरच्या कोरड्या हवेत तो पटकन वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तो अंगावरून नुसता ओघळतो. पारा ३३ अंशांवर आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर शरीराला जाणवणारी उष्णता ४० अंशांच्या पुढे जाते. हवामान खातंही उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी कमाल तापमान किमान ४० अंश धरतं आणि किनारपट्टीसाठी ३७. हा फरक उगाच केलेला नाही.

नव्या हवेची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेही रोज थोडा वेळ त्या हवेत वावरलं तरच. एसी खोली, एसी बस आणि एसी ऑफिस अशा दिनक्रमात सहा महिने काढले तरी शरीर त्या शहराला नवखंच राहतं. आणि मग एका शनिवारी ते थेट पाच तास मैदानावर उभं राहतं.

"कार्यक्रम तर संध्याकाळी आहे"

तिकिटावर सातची वेळ असते. पण दारं तीनला उघडतात आणि पुढची जागा हवी असेल तर रांग त्याआधीच लागते. म्हणजे दिवसातलं सगळ्यात तापलेलं ऊन रांगेत अंगावर घ्यायचं. दारात पोचल्यावर बॅग तपासतात आणि पाण्याची बाटली काढून घेतात. आत तेच पाणी चढ्या भावाने विकत घ्यायचं, तेही पुन्हा रांग लावून. मग जागा जाईल म्हणून लोक पाणीच पीत नाहीत. बायकांचं आणखी एक कारण असतं: स्वच्छतागृह धड नसतं, म्हणून त्या तहान मारतात.

आयोजक म्हणतात, बाटल्या मंचावर फेकल्या जातात, त्यातून दारू आत येते. अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहेत. झाकण काढून घ्या, रिकामी बाटली आत नेऊ द्या, आत फुकट पाण्याचे भरपूर नळ ठेवा. हे होत नाही, कारण पाणी विकण्यात पैसा आहे. सुरक्षेच्या नावाखाली तहानेचा धंदा करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे अतिशयोक्त वाटत असेल, तर दोन घटना आठवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमाला दुसऱ्या राज्यातून आलेली २३ वर्षांची विद्यार्थिनी कोसळली आणि दगावली. उष्णतेमुळेच मृत्यू झाल्याचं पुढे तपासणीत निष्पन्न झालं. बाहेरून पाणी आणू दिलं नाही, अशी प्रेक्षकांची तक्रार होती. त्यानंतर तिथल्या सरकारने मोठ्या कार्यक्रमांत पाण्याची बाटली आत नेऊ द्यावी आणि पाणी फुकट पुरवावं, असा आदेश काढला. त्याच वर्षी १६ एप्रिलला खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर १४ जण उष्माघाताने गेले. व्यासपीठावर छप्पर होतं, समोरच्या लाखोंच्या गर्दीवर नव्हतं. त्या गर्दीत ना नाचगाणं होतं ना दारू, होती ती श्रद्धा. म्हणून "आजकालची पोरं बेफिकीर" असं म्हणून हा विषय संपवता येत नाही.

तिकीट काढण्यापूर्वी विचारा

१. पिण्याचं पाणी फुकट आहे का? बाटली आत नेता येईल का?
२. रांगेत आणि मैदानावर सावली आहे का?
३. जागेवर डॉक्टर आणि रुग्णवाहिका आहे का?
४. तंबूत मुक्काम असेल तर सर्वांत जवळचं रुग्णालय किती अंतरावर आहे आणि मोबाइलला रेंज येते का?

तंबूवाल्यांच्या जाहिरातीत बार्बेक्यू आणि डीजे असतो, या चार गोष्टी क्वचितच. शंभर जणांनी विचारलं तर त्या जाहिरातीत येतील. उत्तर मिळालं नाही, तर ते पैसे दुसरीकडे खर्च करा.

तुमच्या हातात असलेलं

घरून पोटभर पाणी पिऊन निघा आणि तिथे दर १५-२० मिनिटांनी थोडं थोडं प्या. एका दमात दोन लिटर ढोसू नका. तासन् तास घाम आणि वर नुसतं पाणीच पाणी, यानेही रक्तातलं सोडियम घटतं. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा पुडीवर लिहिलेल्या मापानेच केलेलं ओआरएस चालेल. बिअर "थंड" नसते. ती लघवीवाटे पाणी घालवते आणि धोक्याची जाणीव बोथट करते. सर्दीच्या काही गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधं आणि रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांनी उष्णतेचा त्रास वाढू शकतो. त्या परस्पर बंद करू नका, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, चक्कर ही पहिली सूचना. लगेच सावलीत जा. गाणं कितीही आवडतं असो!

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर "जास्त झाली असेल" म्हणून सोडून देऊ नका. तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आडवं करा, जास्तीचे कपडे काढा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती थंड केलं, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

आता विचार करा: हे ओतायचं पाणी येणार कुठून? बाटल्या दारात, नळ नाहीत, दुकानासमोर रांग. म्हणून पाणी ही मेहेरबानी नाही, तो प्रथमोपचार आहे. अग्निशमनाची सोय नसेल तर मोठ्या कार्यक्रमाला परवानगी मिळत नाही. फुकट पाणी आणि सावली यांनाही तोच नियम लागू व्हावा. तोवर मुलांनो, मजा जरूर करा, आणि दारात तो प्रश्न मोठ्याने विचारा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजारांविषयी आणि औषधांविषयी आपल्या डॉक्टरांशी बोला.)