विश्लेषण : घड्याळ लंडन-न्यूयॉर्कचे मागे जाणार, मग शिरोड्यातील लॅपटॉप का तपासायचा?

येत्या २५ ऑक्टोबर २०२६ रोजी ब्रिटन व युरोपातील आणि १ नोव्हेंबरला अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातील. भारताचे घड्याळ जागचे हलणार नाही. तरीही परदेशी ग्राहकांसाठी घरून काम करणाऱ्यांना आणि छोट्या व्यावसायिकांना आपल्या संगणकांची तयारी करावी लागते. का, ते पाहू.

नेमके काय बदलते?

अमेरिकेचा बहुतांश भाग, ब्रिटन आणि युरोपातील बहुतेक देश उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे नेतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर मागे आणतात. हाच डेलाइट सेव्हिंग टाइम. लंडनमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जवळपास नऊ तासांचा फरक असतो. शिरोड्यात तो दोन तासांच्याही आत आहे. त्यामुळे भारताला याची फारशी गरज भासली नाही. अपवाद दुसऱ्या महायुद्धाचा. १९४२ ते १९४५ या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे होती.

शिरोड्याशी संबंध काय?

समजा, शिरोड्यातील एखादी तरुणी न्यूयॉर्कच्या कंपनीसाठी घरून काम करते. तिथली सकाळी ९ची बैठक तिच्याकडे सध्या संध्याकाळी साडेसहाला असते. १ नोव्हेंबरपासून ती साडेसातला होईल. लंडनची सकाळी ९ची बैठक दुपारी दीडऐवजी अडीचला जाईल, पण २५ ऑक्टोबरपासूनच. मधला आठवडा सर्वाधिक गोंधळाचा, कारण तेव्हा लंडन आणि न्यूयॉर्कमधील अंतर पाचऐवजी चार तासांचे असते. मार्चमध्ये असाच फरक दोन-तीन आठवडे राहतो.

पर्यटन व्यवसायालाही हे लागू आहे. विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे युरोपचे घड्याळ बदलते त्याच दिवशी सुरू होते. मोपा विमानतळावर पाहुण्यांसाठी गाडी पाठवणाऱ्या वेळागरच्या होम-स्टे मालकांनी त्या तारखेनंतरच्या वेळा पुन्हा पडताळून घेणे शहाणपणाचे.

संगणक चुकतो कुठे?

बहुतेक सर्व्हर आतून ‘यूटीसी’ ही जागतिक वेळ मोजतात. तिचे स्थानिक वेळेत रूपांतर करण्यासाठी ते एका तक्त्याचा आधार घेतात. कोणत्या प्रदेशात घड्याळ कधी बदलते, याची नोंद त्यात असते. अँड्रॉइड, लिनक्स आणि जावा यांचा आधार एकच जागतिक तक्ता आहे, तर विंडोजचा तक्ता मायक्रोसॉफ्ट स्वतः ठेवते.

१ नोव्हेंबरच्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये १ ते २ हा तास दोनदा येईल. स्थानिक दीड वाजता बिले पाठवण्याचे काम लावून ठेवले असेल, तर ते दोनदा होऊ शकते. मार्चमध्ये उलट घडते. २ ते ३ हा तास येतच नाही, त्यामुळे अडीचचा बॅकअप राहून जाऊ शकतो. नोव्हेंबरमधील बदलाच्या रात्री मात्र न्यूयॉर्कच्या ११ ते ७ या पाळीत काम करणाऱ्याचे प्रत्यक्षात नऊ तास भरतात. हजेरी केवळ तिथल्या घड्याळाने मोजली, तर आठच दिसतात. तासावर पैसे मिळणाऱ्याचा हा थेट तोटा.

सरकारने नियमच बदलला तर?

खरी कसोटी इथे लागते. अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून बदलाच्या तारखा हलवल्या आणि त्या २००७ पासून लागू केल्या. तयारीला दीड वर्षाहून अधिक काळ मिळूनही जगभरातील कंपन्यांना सर्व्हर आणि कॅलेंडर दुरुस्त करताना धावपळ करावी लागली. लेबनॉनमध्ये तेवढीही उसंत मिळाली नाही. मार्च २०२३ मध्ये घड्याळ पुढे नेण्याचा निर्णय सरकारने अवघे काही दिवस आधी लांबणीवर टाकला. काही संस्थांनी तो मानला नाही, देशात दोन वेळा चालू लागल्या आणि सरकारला निर्णय फिरवावा लागला. इजिप्तनेही त्याच वर्षी ही पद्धत काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा आणली.

युरोपीय संसदेने २०१९ मध्ये ही पद्धत बंद करण्याच्या बाजूने मत दिले, पण सदस्य देशांचे एकमत झाले नाही. अमेरिकी सिनेटने २०२२ मध्ये कायमस्वरूपी उन्हाळी वेळेचे विधेयक मंजूर केले, ते पुढे सरकले नाही. म्हणजे आजचा नियम उद्या असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

तयारी काय करावी?

फोन आणि संगणकाचे अपडेट टाळू नयेत, कारण नवा तक्ता बहुधा त्यातूनच येतो. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी जावा आणि डेटाबेसमधील तक्ते वेगळे तपासावेत. बैठकीची वेळ ‘उणे चार तास’ अशी न नोंदवता ‘न्यूयॉर्कचे ९’ अशी शहरासह नोंदवावी. मग नियम बदलला तरी संगणक नव्याने हिशेब करू शकतो. पैशांशी संबंधित आपोआप होणारी कामे स्थानिक रात्री १ ते ३ या वेळेत ठेवू नयेत. हजेरीची नोंद यूटीसीमध्ये ठेवावी.

आणि २५ ऑक्टोबरच्या आधीच ग्राहकाला एक संदेश पाठवून पुढील दोन आठवड्यांच्या वेळा दोन्हीकडच्या घड्याळांनुसार लेखी ठरवून घ्याव्यात. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.