जळालेल्या प्रती आणि शिकलेला हात

१/ अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतींचा इतिहास हा बऱ्याच अंशी आगींचा इतिहास आहे. रॉबर्ट गिल १८४४ साली या कामावर नेमले गेले. पुढे जवळजवळ दोन दशके राबून त्यांनी जी चित्रे उतरवली, त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाली.

२/ त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात लेण्यांत काम करत राहिले. त्यांच्या प्रतींचा मोठा भाग १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात जळाला. तिसरी आग टोकियोची. आजचा धागा तिच्याविषयी आहे.

३/ अराई काम्पो यांचा जन्म १८७८ चा. ‘कोक्का’ या जपानी कलापत्रिकेसाठी प्राचीन बौद्ध चित्रांच्या प्रती करणे हा त्यांचा व्यवसाय होता. १९१६ साली रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले. तेथे शिमोमुरा कान्झान यांचे एक चित्र त्यांना इतके भावले की त्याची प्रत हवी, असे त्यांनी सांगितले. ती प्रत काम्पो यांनी केली.

४/ त्या ओळखीतून निमंत्रण आले आणि १९१६ च्या अखेरीस काम्पो भारताकडे निघाले. कलकत्त्यात ठाकूरांच्या जोरासांको वाड्यातील ‘विचित्रा’ या कलाकेंद्रात ते जपानी चित्रपद्धती शिकवू लागले. नंदलाल बोस यांनी त्यांच्याकडून शाई आणि कुंचल्याचे तंत्र आत्मसात केले. हेच नंदलाल काही वर्षांपूर्वी लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत अजिंठ्यात प्रती करून आले होते.

५/ मग शिक्षक स्वतःच विद्यार्थी झाला. जपानी बौद्ध चित्रकलेचा उगम शोधण्याच्या ध्यासातून ‘कोक्का’ने अजिंठ्याच्या प्रतींचे काम हाती घेतले होते. चाळिशीच्या उंबरठ्यावरचे काम्पो सहकाऱ्यांसह वाघूर नदीकाठच्या त्या लेण्यांत पोहोचले. देश अनोळखी होता, भिंतीवरची रेषा मात्र दूरच्या नात्यातली वाटावी अशी होती.

६/ १९१८ साली ते मायदेशी परतले. प्रती टोकियोच्या साम्राज्य विद्यापीठात ठेवल्या गेल्या आणि १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपानंतर उसळलेल्या आगीत त्यांची राख झाली.

७/ या राखेला आपल्या दृष्टीने एक वेगळी किंमत आहे. १९२० नंतर निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तंत्रज्ञांनी भित्तिचित्रांवर लाखेचे रोगण चढवले. ते पुढे पिवळे पडून काळवंडले. काम्पो यांच्या प्रती त्या थरापूर्वीच्या होत्या. एक साक्षीदार आपण कायमचा गमावला.

८/ मात्र प्रतिकारांना संत ठरवण्याचीही घाई नको. ग्रिफिथ्स यांच्या काळात रंग स्पष्ट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवरच रोगण फिरवले गेले होते. अभ्यासाच्या नावाखाली अभ्यासविषयाला इजा पोहोचते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

९/ काम्पो यांची कथा येथे संपत नाही. १९४० साली नारा परिसरातील होर्यूजी मंदिराच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम सुरू झाले, तेव्हा प्रमुख चित्रकारांत ते होते. अजिंठ्याच्या बोधिसत्त्वाशी ज्याची तुलना वारंवार होते, तो बोधिसत्त्व याच भिंतींवर होता. १९४५ साली त्याच कामासाठी निघालेले असताना वाटेतच त्यांचे निधन झाले.

१०/ २६ जानेवारी १९४९ रोजी, प्रतींचे काम चालू असतानाच, होर्यूजीच्या सुवर्णमंदिराला आग लागली आणि मूळ भित्तिचित्रे होरपळून गेली. अजिंठ्यात प्रती गेल्या, मूळ उरले. होर्यूजीत मूळच गेले. १९६७-६८ मध्ये तेथे नवी चित्रे रंगवली गेली, त्यांना मोठा आधार होता १९३५ साली काढलेल्या छायाचित्रांचा.

११/ म्हणजे नोंद म्हणून छायाचित्र जिंकले, हे मान्य केलेच पाहिजे. मग हाताने प्रत करणाऱ्याचा प्रवास व्यर्थ होता का? माझे मत : मुळीच नाही. आपण त्या प्रवासाचे फळ चुकीच्या जागी शोधतो.

१२/ प्रत करणे हे वाचनच आहे, फक्त फार सावकाश केलेले. बोधिसत्त्वाच्या भुवईची रेषा कोठे जाड होते, कोठे विरते, हे कॅमेरा टिपतो. पण कुंचला धरणाऱ्याला ते प्रत्येक वळणावर ठरवावे लागते. त्या निर्णयांतून हात शिकतो. तो हात काम्पो यांनी मायदेशी नेला. त्यांच्या पुढील बौद्ध विषयांवरील चित्रांत आणि अखेर होर्यूजीच्या भिंतीसमोर तो कामी आला.

१३/ आपल्याकडे मात्र ‘नक्कल’ हा शब्द तुच्छतेनेच उच्चारला जातो. कलेतिहासाच्या अभ्याससहलीत लेण्यांमागून लेणी उरकली जातात, फोन भरतो आणि बस सुटते. या घाईत मीही सामील होतो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या हातात काय आहे, हे परतल्यावर मला फोनमध्ये पाहावे लागले होते.

१४/ म्हणून एक आग्रहाची विनंती. पुढच्या वेळी अजिंठ्याला जाल तेव्हा सगळी लेणी पाहण्याचा हट्ट सोडा. इतरांची वाट न अडवता एकाच आकृतीसमोर थांबा आणि वहीत पेन्सिलीने तिचा फक्त हात उतरवा. चित्र वाईट येईल, येऊ द्या. वही हरवली तरी चालेल.