निरंक अहवालामागील रुग्ण

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील एका गावात पोलिओ लसीकरणाच्या वेळी पाच वर्षांखालील १२ बालकांच्या तोंडी लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब गेले. सुदैवाने बालके वाचली. तीन कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात येईल असे तातडीने जाहीर झाले, सर्वत्र संताप व्यक्त झाला आणि विषय मागे पडला. चूक कोणाची, एवढ्याच प्रश्नाची तड लागली. ती घडू शकली कशी, दोन्ही बाटल्या एकाच टेबलावर होत्या काय, लेबल दुसऱ्याने वाचून खात्री करण्याची पद्धत होती काय, महासाथीच्या त्या दिवसांत त्या कर्मचाऱ्यांवर आणखी किती कामांचा बोजा होता, या प्रश्नांची मात्र फारशी चर्चा झाली नाही.

रुग्णाच्या सुरक्षिततेचा विचार जगभर सुरू झाला तो मोठ्या रुग्णालयांपासून. उपचारांतील चुकांमुळे अमेरिकेच्या रुग्णालयांत दरवर्षी ४४ ते ९८ हजार रुग्ण दगावतात, असा अंदाज १९९९ मध्ये तेथील एका अहवालाने मांडला आणि खळबळ उडाली. परंतु सामान्य माणसाची वैद्यकाशी गाठ पडते ती प्रथम लहान दवाखान्यात. आपल्याकडे सपाट प्रदेशात ३० हजार आणि आदिवासी वा डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. तेथील चुका नाट्यमय नसतात. मात्रा चुकते, तपासणीचा अहवाल खणातच राहतो, पुढे पाठविलेला रुग्ण तालुक्याला पोचला की नाही हे कोणी विचारीत नाही. अशी हानी मोजायची कशी?

याचे एक उद्‌बोधक उत्तर इंग्लंडमध्ये मिळाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील ७२ दवाखान्यांतील नोंदी संगणकाने चाळल्या. पोटात व्रण होऊन गेलेल्या रुग्णाला संरक्षक औषधाविना वेदनाशामक दिले गेले काय, दमेकऱ्याला बीटा ब्लॉकर दिले काय, वृद्धांना रक्तदाबाची काही औषधे रक्ततपासणीवाचून चालू ठेवली काय, असे मोजके प्रश्न. काही दवाखान्यांना केवळ धोक्यातील रुग्णांची यादी दिली. उरलेल्यांत औषधशास्त्रज्ञ स्वतः जाऊन डॉक्टरांबरोबर यादीतील रुग्णांचा विचार करी. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटातील चुका लक्षणीय कमी आढळल्या. एक चूक टाळण्यासाठी ७५ पौंड मोजण्याची तयारी असेल तर हा खर्च सार्थकी लागण्याची शक्यता ९५ टक्के, असा हिशेबही मांडला गेला. नुसता आकडा हाती देऊन भागत नाही, हे यातून दिसले.

आपल्याकडे प्राथमिक केंद्रांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के. त्यामुळे हात धुण्याची सोय झाली, मुदतबाह्य औषधे कपाटातून गेली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तपासणीचा भर व्यवस्थेवर अधिक असतो; रुग्णाचे प्रत्यक्षात काय झाले यावर कमी. मोजमाप हेच नियंत्रणाचे साधन झाले की त्याची विश्वासार्हता ढळते, असे चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी म्हटले होते. सरकारी कचेरीत प्रपत्रे भरणाऱ्या कोणाही लिपिकाला ते अर्थशास्त्र न शिकताही ठाऊक असते!

'निरंक' हा शब्द येथेच येतो. वर्षभर हजारो केसपेपर निघालेल्या केंद्राच्या अनुचित घटनांच्या रकान्यात निरंक असेल, तर ते केंद्र सुरक्षित नव्हे, गप्प आहे असेच समजले पाहिजे. लसीकरणानंतरच्या विपरीत घटनांबाबत हा न्याय शासनानेच स्वीकारला आहे. तेथे नोंदी न येणे हे देखरेख कच्ची असल्याचे लक्षण मानतात. मग औषध, तपासणी आणि बाळंतपण यांना वेगळा न्याय का? कारण उघड आहे. नोंद केली की खुलासा मागितला जातो, आणि खुलाशाची वाट निलंबनाकडे जाते. आरोग्यसेविकेने स्वतःविरुद्ध पुरावा स्वहस्ते का लिहावा?

याचा अर्थ बेपर्वाईला अभय द्यावे असा नव्हे. गैरहजर राहणारा, मद्यपान करून कामावर येणारा, खोट्या नोंदी करणारा यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण थकलेल्या हाताने चुकीची बाटली उचलणे हा वेगळा प्रकार आहे. (खाजगी दवाखान्यांकडे तर बाह्योपचाराचे बहुसंख्य रुग्ण जातात, आणि तेथे निरंक लिहिण्यासही रकाना नाही.)

प्रत्येक केंद्रात कर्मचाऱ्याचे नाव न लिहिता घटना नोंदविण्याची एक वही, तालुक्याच्या मासिक सभेत तिच्यासाठी अर्धा तास, आणि दर तिमाहीस औषधनिर्माण अधिकारी व वैद्यकीय अधिकारी यांनी एकत्र बसून चिठ्ठ्या टाकून निवडलेले वीस केसपेपर तपासणे, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. यास नवी इमारत लागत नाही की नवे पद. पहिल्या वर्षी चुकांचा आकडा वाढलेला दिसेल आणि जिल्हा परिषदेच्या सभेत एखादा सदस्य तो कागद फडकावून जाब विचारील. त्या दिवशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने कोणाचेही नाव पुढे न करता उत्तर द्यावयाचे आहे.