चुली निराळ्या, ओसरी एक

नागपूर शहरांतील वस्त्यांचीं नांवें पाहिलीं म्हणजे इतिहासाचें अर्धें पुस्तक वाचल्यासारखें होतें. महाराजबाग म्हटलें कीं भोसले डोळ्यांपुढें उभे राहतात. तुळशीबाग म्हटलें कीं देऊळ आणि वृंदावन आठवतें. याच पंक्तींतलें मेकोसाबाग हें नांव ऐकून नवख्या माणसास वाटावें कीं, ही कोणा जुन्या उमरावाची बाग असेल. परंतु संस्कृताच्या अभ्यासकानें धातुपाठ चाळला आणि फारसीच्या अभ्यासकानें कोश उलथापालथा केला, तरी दोघांच्याही हातीं कांहीं लागणार नाहीं. मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च ऑफ सदर्न एशिया, म्हणजे दक्षिण आशियांतील मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळी, या लांबलचक इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें एकापुढें एक मांडलीं कीं ‘मेकोसा’ होतें. त्यास आपली ‘बाग’ जोडली, आणि नागपुरास एक नवें नांव मिळालें, अशी त्याची व्युत्पत्ति माहीतगार सांगतात. मेथडिस्टांची शाळा याच वस्तींत आहे.

कोणी म्हणेल, ब्राह्मणांच्या घरांत वाचल्या जाणाऱ्या या मासिकांत ख्रिस्ती मंडळींच्या हकीकतीचें काय प्रयोजन? त्यास आमचें उत्तर असें कीं, हें सदर खंडनमंडनाचें नव्हे. आपल्या शेजाऱ्याच्या घरीं काय घडलें हें जाणणें हा गृहस्थधर्मच आहे. शिवाय ही हकीकत धर्मतत्त्वांची थोडी आणि एकत्र कुटुंबाची फार आहे. निरनिराळीं सहा घरें वर्षानुवर्षें बोलणीं करून एका दिवशीं एक झालीं, आणि सातवें घर, बोलणींत अखेरपर्यंत बसूनही, ऐन वेळीं बाहेर राहिलें. हें सारें जेथें घडलें तें गांव नागपूर. एकत्र राहावें कीं वेगळें व्हावें, हा प्रश्न ज्यांच्या माजघरांत केव्हां ना केव्हां उभा राहतो, अशा आमच्या वाचकांस ही कथा परकी वाटूं नये.

‘ख्रिस्ती’ म्हणजे सारे एकच, अशी आपली समजूत असते. परक्या माणसाचीही ‘ब्राह्मण’ म्हणजे सारे एकच अशी समजूत असते. आपल्याला मात्र ऋग्वेदी कोण, यजुर्वेदी कोण, कोणाचें सूत्र कोणतें, हें सांगावें लागतें. एकाच वाड्यांत एका बिऱ्हाडाची एकादशी स्मार्त, तर दुसऱ्याची भागवत असते; म्हणून कोणी कोणास परधर्मी म्हणत नाहीं. ख्रिस्ती लोकांतही असेच शाखाभेद आहेत. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हा इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा पाळक. ऑक्सफर्डास असतां त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं प्रार्थना, उपास, अभ्यास आणि बंदिवानांची सेवा यांचा इतका काटेकोर नेम धरिला कीं, थट्टेखोर विद्यार्थी त्यांस ‘मेथडिस्ट’, म्हणजे ‘नेमवाले’, म्हणूं लागले. थट्टेचें नांव पुढें संप्रदायाचें नांव झालें. वेस्ली स्वतः मरेपर्यंत आपल्या मूळ चर्चमध्येंच राहिला. अनुयायी मात्र वेगळे झाले, आणि समुद्रापलीकडे गेल्यावर त्यांचेही इंग्रजी व अमेरिकन असे दोन वंश झाले. अमेरिकन वंशाचा विल्यम बटलर १८५६ सालीं हिंदुस्थानांत आला व उत्तरेकडे त्यानें काम आरंभिलें. १८७० सालीं आलेल्या विल्यम टेलरनें मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांत मंडळ्या स्थापिल्या, आणि मंडळीनें आपला खर्च आपण चालवावा असा दंडक घातला. मेकोसाबागेचें नांव या अमेरिकन वंशाचें आहे, हें पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवावें.

नागपुरांत याच्याही आधींचीं दोन घरें होतीं. सिव्हिल लाइन्सकडील ऑल सेंट्स, म्हणजे ‘सकल संतांचें’ मंदिर, हें इंग्लंडच्या चर्चचें. तें १८५१ सालचें. म्हणजे तिसरे रघूजी भोसले हयात असतांनाचें. त्यांचें देहावसान १८५३ च्या डिसेंबरांत झालें व पुढील सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. नंतर जॉर्ज फ्रेडरिक बॉडली या इंग्लंडांतील नामांकित वास्तुविशारदाच्या आराखड्यानें तें मंदिर वाढविण्यांत आलें. नागपुरास स्वतंत्र बिशप मिळाल्यावर तें बिशपाचें आसनमंदिर झालें. एअर चॅटर्टन हे १९०३ सालीं पहिले बिशप झाले.

दुसरें घर स्कॉटलंडकरांचें. १८४३ सालीं स्कॉटलंडचें चर्च दुभंगलें. गांवच्या पाळकाची नेमणूक मंडळीनें करावी कीं जमीनदारानें, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. चारशेंहून अधिक पाळक आपलीं घरें, वेतनें व मंदिरें सोडून बाहेर पडले आणि त्यांनीं ‘फ्री चर्च’ स्थापिलें. त्याच फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या आरंभीं नागपुरास आले. त्यांनीं शाळा काढिल्या, गोंडांची भाषा व कथा टिपून घेतल्या आणि दगडांत दडलेले प्राचीन जीवांचे अवशेष जमविले. ‘हिस्लोपाइट’ हें खनिज त्यांच्याच नांवाचें. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाजवळील जुनीं शिलावर्तुळें पाहून परततांना पुराच्या पाण्यांत ते बुडाले. १८८३ सालीं निघालेलें हिस्लॉप कॉलेज आजही त्यांचें नांव चालवीत आहे. तेथें शिकलेलीं माणसें आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरांत निघतील.

या घरांच्या इमारतींतही त्यांचा स्वभाव उमटतो. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या धाटणीच्या मंदिरांत शिरलें कीं दृष्टि समोरच्या वेदीकडे जाते. प्रवचनाचें व्यासपीठ बाजूस असतें. स्कॉटिश किंवा मेथडिस्ट धाटणीच्या साध्या दिवाणखान्यासारख्या मंदिरांत व्यासपीठच दृष्टीत भरतें. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर एकाचा जीव गाभाऱ्यांत, दुसऱ्याचा कीर्तनाच्या सभामंडपांत. दोन्ही हवींच; पण एकत्र बांधावयास निघालें म्हणजे आधीं काय बांधावें येथूनच वाद सुरू होतो.

हे भेद बहुतेक विलायतेच्या भांडणांतून जन्मलेले. स्कॉटलंडांतील जमीनदाराच्या हक्काशीं विदर्भांतल्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा काय संबंध, हा विचार येथील माणसांस सुचणें साहजिक होतें. नारायण वामन टिळक हें नांव वाचकांस परिचित आहे. नागपुरास त्यांचें वास्तव्य होतें. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस बायबलाचा नवा करार दिला, आणि १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ सालीं, त्यांनीं ‘देवाचा दरबार’ काढिला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंसाठीं. पंथांचीं आयात केलेलीं कुंपणें एका मराठी माणसास किती अपुरीं वाटत होतीं, याची ही साक्ष होय.

संस्थांच्या पातळीवर हेंच काम सावकाश चालू होतें. १९२४ सालीं स्कॉटिश वळणाच्या व त्यांच्या निकटच्या मंडळ्या मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झालें. १९२९ सालीं लखनौस गोलमेज बैठक बसली आणि मोठ्या मीलनाचीं बोलणीं सुरू झालीं. दक्षिणेकडील मंडळ्या १९४७ च्या सप्टेंबरांत मद्रासेस एक झाल्या. उत्तरेकडील बोलण्यांस मात्र चाळीस वर्षें लागलीं.

इतका काळ कां लागला, तें समजण्याजोगें आहे. पहिला प्रश्न बिशपाचा. कोणाच्या घरीं बिशप, तर कोणाच्या घरीं पंचांची सभा. दुसरा बाप्तिस्म्याचा. कोणी तान्ह्या मुलास देतात. कोणी म्हणतात, मुलास जाण आल्याविना तो संस्कार व्यर्थ. अखेरीस दोन्ही रीति मान्य करून तो प्रश्न सोडविण्यांत आला. तिसरा सर्वांत नाजूक. सर्व घरांच्या पाळकांनीं एकत्र येतांना परस्परांच्या मस्तकीं हात ठेवून घ्यावे असें ठरलें. हेतु हा कीं, सर्वांची गुरुपरंपरा एक व्हावी. परंतु ज्यास एकदां दीक्षा झाली आहे त्याच्या मनांत येणारच, ‘माझ्या गुरूंनीं दिलेली दीक्षा अपुरी होती काय?’ मुंज झालेल्या माणसास दुसऱ्या घराशीं सोयरीक जुळविण्यासाठीं पुन्हा मुंज करा म्हटलें तर त्यास काय वाटेल, याची कल्पना आमच्या वाचकांनींच करावी.

२९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास ऑल सेंट्स मंदिराच्या छायेंत सहा मंडळ्यांनीं आपलीं जुनीं नांवें विसर्जित केलीं व ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ हें एक नांव धारण केलें. इंग्लंडच्या परंपरेचें चर्च, हिस्लॉपांच्या वारशाचें युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि इंग्रजी-ऑस्ट्रेलियन वंशाचे मेथडिस्ट, अशीं तीं सहा घरें होत. अमेरिकन वंशाचे मेथडिस्ट, म्हणजे मेकोसाबागेचें नांव ज्यांचें ते, त्यांत नव्हते. वर्षानुवर्षें बोलणींत बसलेल्या या मंडळीनें त्याच वर्षीं, मीलनास अवघे कांहीं महिने उरले असतां, नकार दिला होता. गंमत अशी कीं, पाकिस्तानांत त्याच वर्षीं १ नोव्हेंबरास मंडळ्या एक झाल्या, तेव्हां याच वंशाचे तेथील मेथडिस्ट त्यांत सामील झाले. एकाच वृक्षाच्या दोन फांद्या. एक मांडवावर चढली, एक अंगणांतच राहिली. राहिलेल्यांनीं पुढें १९८१ च्या जानेवारींत ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नांवानें आपली स्वायत्त घडी बसविली.

आतां या नकारास काय म्हणावें? लग्नाच्या याद्या झाल्यावर मोडता घालणारा म्हणून एखादा त्यास दोष देईल. आमचें मत निराळें आहे. मनांत किंतु असतां पंक्तींत बसून पुढें पात्रावरून उठणें, यापेक्षां पाट मांडण्यापूर्वीं ‘मी येत नाहीं’ म्हणणें हें अधिक सरळ. एकत्र कुटुंबांत बहुतेक दुखणीं उघड नकारानें उद्भवत नाहींत. भीड म्हणून दिलेल्या होकारानें उद्भवतात. मोठ्या भावापुढें ‘हो’ म्हणून मान हलविणारा धाकटा दहा वर्षांनीं वकिलाच्या दारीं दिसतो, तेव्हां आपण त्यास कृतघ्न म्हणतों. पण त्या पहिल्या दिवशीं त्यास ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक होती काय, हें कोणी विचारीत नाहीं.

आणि जे एक झाले त्यांचें सारें सुरळीत झालें असेंही नाहीं. मनें जुळलीं, उपासना जुळली. मालमत्तेचे कागद मात्र मागें राहिले. गुजरातेंतील ब्रदरन मंडळीच्या मिळकतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ सालीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, नोंदलेली संस्था केवळ ठरावानें विसर्जित होत नाहीं. संस्थांच्या व सार्वजनिक विश्वस्तांच्या कायद्यांनीं घालून दिलेली रीत पाळली नसल्यामुळें ती मिळकत नव्या चर्चकडे आपोआप गेली नाहीं. मीलनानंतर त्रेचाळीस वर्षांनीं मिळालेलें हें उत्तर आहे. भाऊ एकत्र राहूं म्हणाले, आईनें डोळे पुसले, सर्वांनीं गोड जेवण केलें, पण सातबाऱ्यावर आजोबांचेंच नांव राहिलें, असें आपल्याकडे घरोघर दिसतें. प्रेम हें कागदास पर्याय नव्हे, आणि कागद हा प्रेमास पर्याय नव्हे. दोन्हींची वेळ निराळी असते, आणि कागदाची वेळ प्रेम ताजें असतांनाच असते.

पण ही हकीकत येथें संपत नाहीं. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस ही सर्व प्रमुख प्रॉटेस्टंट व इतर कांहीं मंडळ्यांची परिषद १९१४ सालीं निघाली, तिचें नांव दोनदां बदललें, आणि तिचें मुख्य ठाणें नागपुरासच आहे. तींत चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आहे, आणि बाहेर राहिलेलें मेथडिस्ट चर्चही आहे. ज्या गांवीं चुली निराळ्या राहिल्या, त्याच गांवीं समाईक ओसरीही आहे. ज्यांनीं पंगत एक केली नाहीं तेही तेथें एका बैठकीस बसतात, दुष्काळ-महापुरांत मदतीचा विचार एकत्र करतात, आणि उठून आपापल्या घरीं जातात.

घरोघरीं मातीच्या चुली असें आपण म्हणतों, आणि बहुधा दोष झांकण्यासाठीं म्हणतों. परंतु चूल मातीची आहे म्हणूनच ती वेगळी मांडतां येते व पुन्हा एकही करतां येते. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या वाड्यांत वाटणीची भाषा सुरू झाली असेल, त्यांस आमची एवढीच विनंति आहे. एकत्र राहावयाचें तर सर्वांत लहान भावास आणि घरांतील सुनांसही ‘नाहीं’ म्हणण्याची खरी संधि द्यावी, आणि मग कागद करून टाकावे. वेगळें व्हावयाचें तर स्वयंपाकघरें, माड्या, विहिरीचें पाणी, सारें वांटून घ्यावें. ओसरी मात्र वांटूं नये. तेथें भिंत घातली म्हणजे दोन्ही घरांतील मुलांस खेळावयास जागा राहत नाहीं.