हॅमस्टर अचानक मरत नाही

घरातला हॅमस्टर गेला की तीन गोष्टी हमखास ऐकू येतात. काल रात्रीपर्यंत चांगला होता, अचानक गेला. दोन वर्षांचंच तर आयुष्य, त्याला कोण काय करणार. आणि औषध दिलं होतं, पण लागू पडलं नाही. ही विधानं दुःखातून येतात, म्हणून ती खोडायला जीव धजत नाही. पण त्यांच्यावर विश्वास ठेवला तर त्या घरात येणारा पुढचा हॅमस्टरही असाच जातो.

‘अचानक’चं आधी पाहू. हॅमस्टर हे घुबड-कोल्ह्यांचं भक्ष्य. अशक्त दिसला की शिकारी त्यालाच गाठणार, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या स्वभावातच आहे. त्यात तो निशाचर. आपण त्याला दुपारी पाहतो, तेव्हा निरोगी आणि आजारी दोघेही गोळा होऊन झोपलेले असतात. पाहायचं ते रात्री. चाकावर चढला का? गालांच्या पिशव्यांत दाणे भरून कोपऱ्यात साठवले का? मागची बाजू कोरडी आहे का, डोळे पूर्ण उघडतात का, श्वास घेताना कुशी धपापतात का? आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवायचं. केसांखाली रोडपणा दिसत नाही, काट्याला तो कळतो. शंभर ग्रॅमच्या प्राण्याचे दहा ग्रॅम घटले, तर साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटल्यासारखंच आहे. म्हातारपणी हृदयाच्या विकाराने एखादा खरोखर एका रात्रीत जातो, हे मान्य. पण तो अपवाद आहे, आपण मात्र त्याचा नियम करून टाकला आहे.

पाहण्याचा आणखी एक फायदा असा, की उगाच घाबरणं टळतं. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर काळसर डाग असतात. त्या गंधग्रंथी असतात, गाठी नव्हेत. मादीला साधारण दर चार दिवसांनी पांढरट, वासाचा स्राव होतो, तोही आजार नव्हे. मात्र तो रोज येऊ लागला, त्यात रक्त दिसलं किंवा पोट फुगलं, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी.

सगळ्यात घाई लागते ती ‘वेट टेल’ला. दूध तुटल्यावर, तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना तो जास्त होतो, आणि दुकानातून घरी येण्याचा ताण त्याला निमित्त ठरतो. पातळ जुलाबाने शेपटीखालचा भाग ओला राहतो, पिल्लू पाठ वाकवून बसतं, खाणं सोडतं. शरीरातलं पाणी निघून जाऊन एक-दोन दिवसांत जीव जातो. इथे ‘उद्या बघू’ चालत नाही. त्याच दिवशी डॉक्टर, वाटेत ऊब, आणि अंघोळ मुळीच नाही.

आता औषधाचं. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनचा चिमूटभर तुकडा पाण्यात कालवून देणारी माणसं प्रेमानेच देतात. पण अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, मग क्लोस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने तो काही दिवसांत मरतो. ही काही नवी माहिती नाही. 1970च्या दशकात क्लिंडामायसिन घेणाऱ्या माणसांना आतड्याचा जीवघेणा दाह का होतो, याचा शोध अमेरिकेत जॉन बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टरवरच घेतला. माणसाला हे ज्ञान या प्राण्याच्या जिवावर मिळालं. निदान त्याच्याच बाबतीत तरी आपण ते विसरू नये. ‘औषध लागू पडलं नाही’ असं ज्याबद्दल म्हणतात, ते औषधच पुष्कळदा मृत्यूचं कारण असतं.

राहिला आयुष्याच्या लांबीचा मुद्दा. डॉक्टरची फी प्राण्याच्या किमतीपेक्षा जास्त होते, ही तक्रार खरी आहे. पण किंमत दुकानदाराने ठरवलेली असते आणि वेदना हॅमस्टरला होत असतात. एकीचा दुसरीशी संबंध नाही. दोन वर्षांच्या आयुष्यात एक महिना दुखण्यात काढणं म्हणजे चोविसावा हिस्सा दुखण्यात काढणं. गालाच्या पिशवीत अडकलेलं अन्न काढता येतं, वाढून वळलेले पुढचे दात कापता येतात, खरजेवर उपचार आहेत. जिथे गाठ बरी होणार नसते, तिथेही वेदना कमी करता येतात, आणि शेवटी शांत मरण देता येतं. ‘कोण काय करणार’ या प्रश्नाला इतकी उत्तरं आहेत.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरांना इतक्या लहान प्राण्याचा अनुभव असतोच असं नाही. म्हणून पिंजरा घ्यायच्या आधी फोन करून विचारा: तुम्ही हॅमस्टर तपासता का? त्याच दिवशी पोहोचता येईल अशा अंतरावर ‘हो’ म्हणणारं कोणी सापडलं नाही, तर मुलांनी कितीही हट्ट धरला तरी हॅमस्टर घरी आणू नका.