सापळा रिकामा, शेताचे काय?

हरभरा घाट्यावर आला की आमच्या वॉर्डात फवारणीच्या विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर. ॲट्रोपिन देऊन रुग्ण सावरला की मी विचारतो, ‘कामगंध सापळे लावले नव्हते का?’ पुष्कळदा उत्तर मिळते, ‘लावले होते, डॉक्टरसाहेब. पतंगच येईनात. मग शेजाऱ्याने फवारलं, तसं आम्हीही फवारलं.’

रिकाम्या सापळ्याचे खापर आपण शेतकऱ्यावर फोडतो. ल्यूर जुनी झाली असेल, सापळा चुकीच्या उंचीवर असेल, हे खरेच. पण आणखी एक शक्यता आहे, तिची चर्चा होत नाही: त्या ल्यूरचा वास त्या भागातल्या नर पतंगांना पुरेसा ओळखीचाच नसेल.

घाटे अळीची मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, त्यात मुख्यतः दोन रसायने असतात. त्यांचे ढोबळ प्रमाण ९७ ला ३. ल्यूर म्हणजे याच मिश्रणाची कारखान्यात केलेली नक्कल. मात्र हे प्रमाण सगळीकडे सारखेच लागू पडते असे नाही. भारतात वेगवेगळ्या भागांत झालेल्या चाचण्यांत या मिश्रणांची परिणामकारकता प्रदेशानुसार आणि हंगामानुसार बदलताना आढळली.

असा फरक किती टोकाला जाऊ शकतो? युरोप-अमेरिकेत मक्याचे खोड पोखरणाऱ्या एका पतंगाचे दोन वंश आहेत. दिसायला सारखेच. एका वंशाच्या मादीच्या गंधात दोन घटकांचे प्रमाण ९७ ला ३, तर दुसरीत जवळजवळ उलटे, १ ला ९९. एकीच्या गंधाकडे दुसऱ्या वंशाचे नर सहसा फिरकत नाहीत. मादीच्या गंधातला हा फरक एकाच जनुकामुळे पडतो, हे २०१० मध्ये सिद्ध झाले.

आम्हा डॉक्टरांना हे नवे नाही. पुस्तकात लिहिलेले अँटिबायोटिक आपल्या रुग्णालयातल्या जंतूंवर चालेलच असे नसते. म्हणून आम्ही कल्चर रिपोर्ट पाहतो. ल्यूरचा असा स्थानिक रिपोर्ट कुठे आहे?

राहुरी, परभणी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांनी दर हंगामात आपापल्या भागात वेगवेगळ्या प्रमाणांची मिश्रणे शेजारी-शेजारी लावून पतंग मोजावेत आणि निष्कर्ष पेरणीआधी जाहीर करावेत. ल्यूरच्या पाकिटावर उत्पादनाची तारीख असावी, तशी ती कोणत्या भागात तपासली हेही छापलेले असावे. याला फार मोठा खर्च येणार नाही.

तोवर शेतकऱ्यांनी हेक्टरी पाच सापळे जरूर लावावेत. सलग तीन दिवस सापळ्यामागे ८ ते १० पतंग आले तर सावध व्हावे. पण सापळा रिकामा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये आणि घाबरून पंपही उचलू नये. ओळीत बसून झाडे पाहावीत; मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तरच फवारणीचा विचार करावा.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, अनेक जण दगावले. टळलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी म्हणजे आमच्या वॉर्डातली एक रिकामी राहिलेली खाट. ती रिकामी ठेवणे ॲट्रोपिनच्या हातात नाही; ते काम शेताच्या बांधावरच व्हायला हवे.