पवनचक्कीचा हिशेब वेगळा, तापमापीचा वेगळा

ठोसेघरचा धबधबा बघून झाला की मंडळी चाळकेवाडीला जातात आणि पवनचक्कीसमोर उभं राहून फोटो काढतात. जरूर काढा. पण एकदा पायाखालीही बघा. खाली जांभा खडक, त्यावर जेमतेम वीतभर माती, आणि पावसाळ्यातली सगळी फुलं त्या मातीच्या जिवावर. पवनचक्कीचं पातं वर चढवायचं तर लांबलचक ट्रेलर लागतो, ट्रेलरला रुंद रस्ता लागतो. रस्त्यासाठी खरवडलेली माती आपल्या हयातीत परत येत नाही.

वीज वाहून नेणाऱ्या तारांमुळे माळढोकाचंही असंच नुकसान होतं. जड अंगाचा पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. देशात आता दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे, तेही सौर आणि पवन प्रकल्पांच्या तारांखाली. या तारा जमिनीखाली घाला, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं. 2024 मध्ये तो आदेश सैल केला.

हे सगळं खरं आहे, ते लपवू नका. मात्र याच धाग्याला धरून व्हॉट्सॲपवर दुसरी गाठ मारली जाते: पवनचक्की वाईट, म्हणजे तापमानवाढही थोतांड, आकडे फिरवलेले. ही गाठ सोडवा.

शंका घेणं गैर नाही. मे 2024 मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 अंशांची नोंद झाली आणि गहजब उडाला. तपासणीत त्या यंत्राचा काटा तीन अंश पुढे निघाला. चूक कोणी पकडली? हवामान खात्यानेच, शेजारी दुसरं यंत्र लावून. एक केंद्र चुकलं म्हणून देशभरातल्या 1901 पासूनच्या नोंदी खोट्या ठरत नाहीत. त्यांत 2024 सर्वांत उष्ण वर्ष ठरलं.

आणि आकडे दुरुस्त करतात, हेही खरंच. पूर्वी जहाजावरून बादली सोडून समुद्राचं पाणी वर ओढत आणि त्याचं तापमान घेत. बादलीत पाणी निवायचं, म्हणून त्या जुन्या नोंदी थोड्या वर सरकवल्या. गंमत अशी, की त्यामुळे शतकभरातली जगाची तापमानवाढ उलट कमी दिसते! फिरवाफिरवीच करायची असती तर कोणी ती अशी उलट्या दिशेने केली असती?

तेव्हा फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी विचारा: कुठलं केंद्र, कुठलं वर्ष, एकाच जागेचा आकडा की सगळ्यांचा?

आणि खरी चौकशी ठेवा ग्रामसभेसाठी. पवन किंवा सौर प्रकल्पासाठी जमिनीच्या भाडेपट्ट्यावर सही मागायला कोणी आलं, तर आधी नकाशा मागा. रस्ता कुठून जाणार, ओढा बुजणार का, गुरांची वाट राहणार का, तारा वरून की खालून, पॅनल धुवायला पाणी कुठल्या विहिरीचं? पंचवीस वर्षांनी मोडकी पाती आणि काँक्रीटचा पाया कोण उचलणार? एवढी उत्तरं लेखी मिळेपर्यंत पेन खिशातच राहू द्या.